घाट किती वाजता लागतो?

कोल्हापूरहून भिवंडीला माल भरून निघालेली दहाचाकी. अंतर साधारण 390 किलोमीटर. बहुतेक ट्रान्सपोर्ट ऑफिसांत या ट्रिपचा हिशोब तीन आकड्यांत संपतो: किलोमीटर, डिझेल, टोल. चौथा आकडा कोणी मांडत नाही, तो म्हणजे प्रत्येक उतार ड्रायव्हरच्या वाट्याला किती वाजता येतो.

नेहमीची पद्धत घ्या. दिवसभर लोडिंग, रात्री नऊला गाडी बाहेर. भरलेल्या गाडीला ताशी 40 ची सरासरी धरली आणि वाटेत अर्धा तास जेवणाचा, तर खेड-शिवापूरचा टोलनाका पावणेतीनला येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तीन-सव्वातीनला, बोरघाट पहाटे पाचच्या आसपास. झोप सगळ्यात अनावर होते ती नेमकी दोन ते सहाच्या दरम्यान. ताशी 60 ला तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी 50 मीटर आपोआप जाते. म्हणजे या मार्गावरचे दोन सर्वांत अवघड उतार आपण स्वतःच्या हाताने सर्वांत वाईट वेळेला नेऊन ठेवलेले असतात. त्यात हा ड्रायव्हर सकाळी नऊपासून फॅक्टरीच्या गेटवर नंबर लावून बसलेला. रात्री नऊला स्टेअरिंगवर बसताना कागदावर तो ताजा, प्रत्यक्षात बारा तास जागा.

हीच ट्रिप उलटीकडून मांडा. आधी उतारांच्या वेळा ठरवायच्या, मग सुटायची वेळ. दुपारी तीनला गाडी सोडली तर पावणेनऊला खेड-शिवापूर. तिथे मुक्काम. पहाटे पावणेसहाला सुटायचं, साडेसहाच्या आत नवले पूल, म्हणजे पुण्याची ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आणि आठच्या सुमारास बोरघाट, लख्ख उजेडात. साडेनऊला कळंबोली. पुढे शिळफाटा, मुंब्रा बायपास, भिवंडी या पट्ट्यात सकाळी अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात आणि त्या बदलतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यायच्या. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला दीड-दोन तास थांबायचं धरून माल उतरवून घेणाऱ्या पार्टीला दुपारी एक ते तीनची वेळ द्यायची. सकाळी आठची वेळ कबूल केलीत की वरचं सगळं मोडलं.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास काम (लांब पल्ल्याला परवानगीने 10), सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरून सुरुवातीपासून शेवटापर्यंत 12 तासांचा पसारा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 9 तास विश्रांती अशी चौकट घातली होती. कामगार कायद्यांच्या आता संहिता झाल्या, पण नियोजनाला ही चौकट अजूनही उत्तम आहे. वरच्या वेळापत्रकात पावणेनऊ ते पावणेसहा, म्हणजे बरोबर नऊ तास मिळतात. फक्त लोडिंग अडीचपर्यंत संपलं पाहिजे आणि गेटवर उभे राहिलेले तास कामाचे म्हणून मोजले पाहिजेत. सहाला लोडिंग संपलं तर तीनचं वेळापत्रक तीन तास पुढे ढकलून चालत नाही. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे सोडायची.

‘ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) संपेल’ हे घाई करायचं ठरलेलं कारण. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. 390 ला दोन दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. मुक्काम आरामात बसतो. अडकलंच, तर मुदत संपण्याआधी 8 तास आणि संपल्यावर 8 तास वाढवून घेता येते. हे काम ऑफिसचं आहे, ड्रायव्हरच्या ॲक्सिलरेटरचं नाही.

आता उतार. 28.5 टनांची गाडी, शंभर मीटरला पाच मीटर उतार, वेग ताशी 40. उतार गाडीला जवळपास 155 किलोवॅटने पुढे ढकलत असतो. टायरचं घर्षण त्यातले वीस-बावीस खातं. उरलेले इंजिनाने नाहीतर ब्रेक ड्रमने पचवायचे. वेग 20 केला की हा आकडा निम्मा होतो. सगळा भार ड्रमवर पडला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा थर) लांब जातो, लायनरची पकड सुटते. गंमत म्हणजे हवेचा काटा 8 बारवर असतो, पेडल घट्ट लागतं, आणि गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून नोंदलेल्या कितीतरी केसमध्ये ब्रेक मोडलेला नसतो, भाजलेला असतो.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं याच कारणाने घातक, आणि त्यात डिझेलही वाचत नाही. बीएस-4, बीएस-6 इंजिनात गियर टाकून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलिंगचं डिझेल पीत राहतं. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला हवा कमी होत जाते आणि स्टेअरिंग जड होतं. तरी लोक न्यूट्रल करतात, कारण ट्रिपला डिझेल बांधून दिलेलं असतं आणि उरलं ते ड्रायव्हरचं. ही पद्धत ठेवायचीच असेल, तर निदान घाटाच्या पट्ट्याचं डिझेल हिशोबातून वेगळं काढा. जीपीएसला इंजिनाचे आरपीएम जोडलेले असतील तर पकडणं सोपं आहे: वेग 40 आणि आरपीएम 600, म्हणजे न्यूट्रल.

ट्रिप शीटवर मार्गाच्या नावाऐवजी उतार लिहा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण: साखरेची उंच थप्पी असेल तर गाडी कलंडते, कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) असेल तर दाबून ब्रेक मारल्यावर माल पुढे येतो. त्यामुळे वेग बोगद्यातच कमी झालेला हवा. खेड-शिवापूरला तपासायचं: स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग), हवेची गळती, टायर, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) चालतो का. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडतानाच खालचा गियर. उतारावर वेग वाढल्यावर तो पडत नाही, गाडी न्यूट्रललाच राहते. ड्रमचा वास आला तर सपाट जागा बघून अर्धा तास थांबायचं, चाकांना दगड लावायचे, ड्रमवर पाणी ओतायचं नाही, त्याला तडा जातो.

मॅप ॲपची वेळ कारची असते, ती वापरू नका. आपल्याच गाड्यांच्या मागच्या दहा फेऱ्या जीपीएसवरून काढा आणि त्यातल्या आठ ज्या वेळात पोचल्या तो आकडा धरा. सरासरी धरली तर जवळपास निम्म्या वेळा ड्रायव्हर उशिरातच असणार. पावसाळ्याचा आकडा वेगळा ठेवा, बोरघाटात धुकं असतं. रविवारी संध्याकाळी मुंबईकडची गर्दी टाळा: उतारावर सरकत-थांबत जाताना ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

मुक्कामाचा खर्च भाड्यात आधीच धरा: पार्किंग, जेवण, गाडीच्या कर्जाचा अर्ध्या दिवसाचा हप्ता. गेटवर चार तासांपुढे गाडी थांबली तर हाल्टिंग (थांबण्याचं भाडं) किती, ते बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या. हाल्टिंग लागतं म्हटल्यावर लोडिंग अडीचला संपायला लागतं. आणि ‘कुठे पोचलास?’ हा फोन खेड-शिवापूर ते वडगाव पूल आणि लोणावळा ते खोपोली या दोन पट्ट्यांत कोणी करायचा नाही, मालकानेसुद्धा. गाडी कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतंच.