न आठवणारे वडील
(त्या मुलीच्या परवानगीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने लिहीत आहे.)

आज समुपदेशनासाठी आलेली 14 वर्षांची एक मुलगी बराच वेळ वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली होती. ती अगदी लहान असताना वडील घर सोडून गेले. "मला त्यांचा चेहराही आठवत नाही, मग त्यांच्यामुळे मला वाईट कसं वाटेल?" असे तिने मनापासून विचारले.

ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच प्रश्नाजवळ जातो. इंग्लंडमधील एव्हन परिसरात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक मुलामुलींच्या माहितीत असे आढळले की, पहिल्या 5 वर्षांत वडील दुरावलेल्या मुलींमध्ये 14 व्या वर्षी नैराश्याची लक्षणे अधिक होती. 5 ते 10 या वयात वडील दुरावले असता हा संबंध तितका ठळक नव्हता.

हे तिला सांगताना मला फार जपून बोलावे लागले, कारण अशी आकडेवारी कोणा एका मुलीचे भविष्य सांगत नाही आणि एकटीने मूल वाढवणाऱ्या आईवर तिचे खापर फोडणे तर माझ्या मते सर्वस्वी अन्यायाचे आहे. पैशांची ओढाताण आणि घरातले जुने तंटेही मुलांच्या मनावर परिणाम करतातच.

तिची झोप उडाली आहे, चित्रकलेतून मन उठले आहे आणि हे कित्येक आठवडे चालू आहे, म्हणून मी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला दिला. पुढच्या भेटीला आईला सोबत आणण्याचे तिने कबूल केले आहे.