स्पायवेअर: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर नेमकं कुठे बघायचं

स्पायवेअरचा, म्हणजे गुपचूप पाळत ठेवून माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणता अँटिव्हायरस घेऊ? विंडोजवर सोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. त्याच्यावर दुसरा बसवला की डिफेंडर मागे सरतो, त्यामुळे संरक्षण काही दुप्पट होत नाही. त्यापेक्षा हे प्रोग्राम आत येतात कसे आणि आल्यावर कुठे दडून बसतात, ते समजून घेण्यात वेळ घालवलेला बरा.

आत येण्याचा सध्याचा लाडका मार्ग बघा. एखादं पान उघडतं, 'मी रोबोट नाही' असा चौकोन दिसतो. त्यावर क्लिक केलं की पान गुपचूप एक कमांड क्लिपबोर्डवर टाकतं आणि सांगतं: विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. रनची खिडकी अरुंद असते, तिच्यात लांब ओळीचं फक्त शेपूट दिसतं, आणि त्या शेपटात मुद्दाम 'पडताळणी क्रमांक अमुक' असं काहीतरी साळसूद लिहिलेलं असतं. खरी कमांड डावीकडे सरकून गेलेली असते. एंटर दाबलं की विंडोजचंच पॉवरशेल हे कमांड चालवणारं साधन बाहेरून प्रोग्राम आणून चालवतं. मॅकवर हाच डाव टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ओळ चिकटवायला सांगून खेळतात. कोणतीही खरी पडताळणी रन किंवा टर्मिनल उघडायला लावत नाही. घरातल्या सगळ्यांना एवढं एक जरी पाठ झालं तरी पुष्कळ.

अशा वाटेने येणारे बरेच प्रोग्राम मुक्कामाला येतच नाहीत. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायच्या, पाठवायच्या आणि स्वतःला पुसून टाकायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणून दुसऱ्या दिवशी स्कॅन स्वच्छ आला यावर निर्धास्त होऊ नका.

मुक्कामाला राहणाऱ्यांना मात्र संगणक चालू झाला की पुन्हा जागं व्हावंच लागतं, आणि ते तिथेच सापडतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी अपुरी आहे. शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि सर्व्हिसेस (पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्राम) तिच्यात दिसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे मोफत साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' निवडा. यादी एकदम आटते. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची माहिती नाही किंवा त्याची डिजिटल सही जुळत नाही, पिवळी म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी दिसलं की लगेच डिलीट मारू नका, बरीच प्रामाणिक छोटी सॉफ्टवेअरंही विनासहीची असतात. आधी ओळीपुढची खूण हटवा, संगणक पुन्हा सुरू करा, काही बिघडलं नाही तर मग पुसा.

विंडोजवर आणखी तीन गोष्टी. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) दिसू द्या, नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे नुसतं 'बिल.पीडीएफ' दिसतं. विंडोज सिक्युरिटीत रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचे दोन्ही चौकोन, ॲप्सचा आणि डाउनलोडचा, टिकवा. आणि शंका असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण 15 मिनिटं घेतो, पण विंडोज सुरू नसताना तपासत असल्यामुळे लपणाऱ्यांची पंचाईत होते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट्स घेतलेले नसतील तर त्या यंत्रावर बाकीची खबरदारी वरवरचीच.

मॅकवर खरी किल्ली परवानग्यांची. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि चार नोंदी तपासा: ॲक्सेसिबिलिटी, इनपुट मॉनिटरिंग, स्क्रीन रेकॉर्डिंग, फुल डिस्क ॲक्सेस. कळा टिपणाऱ्याला किंवा पडदा बघणाऱ्याला सहसा यांपैकी काहीतरी लागतंच. मग जनरलमधल्या लॉगिन आयटम्समध्ये पार्श्वभूमीवर चालणाऱ्यांची यादी बघा, आणि डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये अनोळखी प्रोफाइल (बाहेरून लादलेल्या सेटिंग्जचा संच) नाही ना, तेही. मॅकओएस सिक्वोयापासून (2024) कंट्रोल-क्लिक करून गेटकीपरला, म्हणजे अनोळखी ॲप अडवणाऱ्या मॅकच्या पहारेकऱ्याला, बगल देता येत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते. कटकट वाटते, पण फार योग्य कटकट आहे. नुकतंच उतरवलेलं ॲप उघडताच मॅकचा पासवर्ड मागत असेल, तर तो चौकोन सिस्टीमचा नसून त्या ॲपनेच काढलेला असू शकतो.

'लिनक्सवर व्हायरस येत नाही' म्हणणाऱ्यांनी एक्स11 च्या (पडद्यावरच्या खिडक्या हाताळणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या) सत्रात एक्सइनपुट ही छोटी कमांड चालवून बघावी. सामान्य खात्यातून, रूट म्हणजे सर्वाधिकारी खात्याशिवाय, दुसऱ्या खिडकीत टाइप होणाऱ्या कळा एकेक करून उमटतात. वेलँड या नव्या व्यवस्थेत ही वाट बंद आहे, म्हणून लॉगिन करताना वेलँडचं सत्र निवडा. शिवाय तुमचे पासवर्ड, एसएसएच किल्ल्या (दूरच्या संगणकांत शिरायच्या) आणि ब्राउझरची प्रोफाइल होम फोल्डरमध्येच असतात, ती वाचायला सुडो, म्हणजे रूटचे अधिकार देणारी कमांड, लागतच नाही. जुलै 2025 मध्ये आर्च या लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनीच भरलेल्या पॅकेजेसच्या भांडारात) ब्राउझरच्या नावाखाली दूरनियंत्रणाचा ट्रोजन घातलेली पॅकेजेस सापडली होती. तिथलं काही बसवण्याआधी पीकेजीबिल्ड फाइल (पॅकेज बनवण्याची कृती) वाचा. तपासायच्या जागा: क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी), सिस्टमडीच्या यूजर सर्व्हिसेस (तुमच्या खात्यात आपोआप चालणारे प्रोग्राम), .कॉन्फिगमधलं ऑटोस्टार्ट फोल्डर, आणि टर्मिनल उघडताच चालणाऱ्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटच्या ओळी.

क्रोमबुकची मूळ सिस्टीम भक्कम आहे. पण ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) तिथेही तीच, आणि तिन्ही सिस्टीम्सवरही तीच. द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. बसवताना ते चांगलंच होतं. त्यामुळे 'सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी असलेली एक्स्टेन्शन्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठेवा. घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'तुमची संस्था व्यवस्थापित करते' असं दिसलं तर कोणीतरी पॉलिसी (ब्राउझरवर लादलेला नियम) घुसवलेली असू शकते. काही अँटिव्हायरसही हे करतात, म्हणून आधी पॉलिसीचं पान उघडून नेमकी नोंद वाचा.

घात झालाच असेल तर क्रम चुकवू नका. आधी नेट तोडा. मग दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीची खाती त्यावरूनच रीसेट होतात. त्याच बैठकीत 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' दाबा. चोरलेल्या कुकीमध्ये लॉगिन आधीच झालेलं असतं, तिथे ओटीपी विचारलाच जात नाही. नंतर यंत्र पुसून नव्याने सिस्टीम घाला: विंडोजवर 'रिमूव्ह एव्हरीथिंग'सोबत क्लाउड डाउनलोड, मॅकवर 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. जुन्यातून फक्त कागदपत्रं आणि फोटो परत आणा. लिनक्सवर होममधल्या बिंदूने सुरू होणाऱ्या फाइल्स सरसकट आणल्यात तर पाहुणाही सोबत येईल.

आणि ब्राउझरमध्ये सिंक चालू करण्याआधी दुसऱ्या यंत्रावरून ते नको असलेलं एक्स्टेन्शन खात्यातून काढा. नाहीतर साइन इन केल्यावर पाच मिनिटांत ते पुन्हा हजर.