तीन ग्रॅमांचा फरक

पत्र्याचा एक डबा, त्यात अर्ध्यापर्यंत वाळू आणि वाळूत पुरलेली एक काळीठिक्कर वस्तू. डबा घेऊन आलेला माणूस तो छातीशी धरून दारातच उभा होता. टेबलावर ठेवला तर चालेल का, असं विचारत होता. वाळूचं मीच त्याला फोनवर सांगितलं होतं आणि त्याने ते तंतोतंत पाळलं होतं. बॅटऱ्या तपासायच्या प्रयोगशाळेत मला चौदा वर्षं झाली. लोक जळके सेल रुमालात गुंडाळून आणतात, पिशवीत टाकून आणतात, एकाने तर शर्टाच्या खिशातून काढून दिला होता. त्यामुळे या माणसाबद्दल मला आल्याआल्याच आदर वाटला.

वस्तू होती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. पेनासारखा बारीक नव्हे, मुठीत मावेल असा चौकोनी. आत १८६५० नावाचा दंडगोल लिथियम सेल आणि खाली चार्जिंगचं पोर्ट. त्याच्या धाकट्या भावाच्या पँटच्या खिशात तो फुटला होता. भाऊ ऑफिसात खुर्चीवर बसला, पाच-सात मिनिटांनी मांडीला चटका बसला म्हणून उठला, आणि उठेपर्यंत खिशातून ज्वाळा आली. मांडीवर त्वचारोपण झालं होतं. विकणारा म्हणत होता, तुम्ही भलताच चार्जर लावला असणार. ज्या कंपनीचं नाव खोक्यावर होतं ती म्हणत होती, हा माल आमचा नाहीच.

"मॅडम, मला एवढंच सांगा, हा खरा आहे की खोटा. बाकी मी बघतो," तो म्हणाला. जळक्यासोबत त्याच लॉटमधले दोन न जळलेले नगही त्याने आणले होते, खोक्यांसकट. हे फार क्वचित मिळतं. जळून गेलेल्या सेलकडून माहिती काढणं म्हणजे राखेला जाब विचारणं. त्याची धडधाकट भावंडं हाताशी असली की काम निम्मं होतं.

"पण खिशात फुटतं का हो असं? चार्जिंगला लावलेलं असतं तर समजलो असतो."

हे सगळ्यांनाच वाटतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७मध्ये एक अहवाल काढला होता. २००९ ते २०१६ या काळातल्या अशा १९५ घटना त्यात होत्या. त्यांपैकी ६१ वेळा उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात होती. चार्जिंगला लावलेलं असताना झालेल्या घटना ४८. मी त्याला आकडे सांगितले. तो काही बोलला नाही, फक्त स्वतःच्या खिशावर हात ठेवला. फोन होता तिथे.

त्याला बाहेर बसवलं आणि मी खोकी घेतली. आता पुढचं लिहिताना जीभ चावावीशी वाटते, पण लिहितेच.

खोकं उत्तम होतं. छपाई धारदार, अक्षरांच्या कडा फुटलेल्या नाहीत, इशाऱ्याच्या मजकुरात एकही चूक नाही. नकली मालात बहुतेक वेळा स्पेलिंगच घात करतं. सील सरळ लावलेलं. होलोग्राम तिरका केला की रंग बदलत होता. बॅच नंबर खोक्यावर आणि उपकरणाच्या बुडाशी एकच. चांदीचा पट्टा खरवडला, खाली कोड निघाला. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाला म्हटलं, क्यूआर स्कॅन कर. त्याने केला, कोड टाकला, फोनच्या पडद्यावर हिरवी बरोबरची खूण. दुसऱ्या खोक्याचंही तेच. मी फॉर्मवर बाह्य तपासणीच्या रकान्यात "अस्सल" असं पेनाने लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बाहेर जाऊन त्या माणसाला सांगूनही आले, की प्रथमदर्शनी माल खरा दिसतोय. त्याचा चेहरा पडला. माल खरा म्हणजे चूक भावाची, असा हिशोब त्याने मनात केला असणार.

त्यानंतर नग काट्यावर ठेवले. खरं तर वजन आधी करायचं असतं. रोजच्या सवयीने मी उलटं केलं.

याच मॉडेलचा एक नग आमच्या कपाटात होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीनेच चाचणीसाठी पाठवलेला. त्याचं वजन १४२ ग्रॅम. समोरच्या दोघांतला एक १३९, दुसरा १३६.

मूळ नगापेक्षा कमी भरले म्हणून मी एवढी दचकले नसते. मधल्या काळात कंपनीने एखादा भाग बदलला असेल. पण एका बॅचचे, एका दिवसाचे म्हणवणारे दोन नग एकमेकांशीच तीन ग्रॅमांनी भांडत होते. कारखान्यातून निघालेली दोन भावंडं अर्धा ग्रॅमही इकडेतिकडे होत नाहीत. मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवले. तेच.

आमच्या सीनियर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलाला म्हणाल्या, "तो कोड टाकलास ना, आता चुकीचा टाकून बघ."

त्याने स्वतःची जन्मतारीख टाकली आणि पुढे चार शून्यं लावली. हिरवी खूण. अभिनंदन, तुमचं उत्पादन अस्सल आहे. मग त्याने नुसते नऊ-नऊ-नऊ दाबत नेले. परत अभिनंदन. क्यूआर ज्या पानावर नेत होता त्याचा पत्ता नीट वाचला तेव्हा कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त निघालं. कंपनीचा खरा पत्ता हाताने टाईप करून तोच कोड घातला, तर असा कोडच नाही असं उत्तर आलं. नकली माल बनवणाऱ्याने तपासणीची सोयही स्वतःच बनवून दिली होती. (याहून चलाख प्रकारही असतो. एका खऱ्या खोक्यावरचा कोड हजार खोक्यांवर छापायचा. मग पहिल्या माणसाला हिरवी खूण दिसते आणि पुढच्यांना हा कोड आधी तपासला गेला आहे असा शेरा येतो. तो शेरा फार कमी लोक मनावर घेतात.)

"वरून कीर्तन, आतून तमाशा," मॅडम म्हणाल्या आणि एक्स-रेच्या खोलीकडे निघाल्या.

सेल बाहेर काढले तेव्हा दोन्हींवर एकच निळं आवरण होतं. त्यावर नावाजलेल्या उत्पादकाचं नाव आणि ३००० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. हा आकडा विश्वास बसण्याजोगा असतो, म्हणून जास्त घातक. ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेलही आम्ही पाहिलेत. तिथे प्रश्न चटकन मिटतो, कारण १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब नळीत तेवढी ऊर्जा आजच्या घडीला कुणालाच भरता येत नाही. ३००० मात्र मावतात. एकाचं वजन ४३.९ ग्रॅम, दुसऱ्याचं ४०.८. कपाटातल्या नगाचा सेल ४६.९.

एक्स-रेत दोघांचे वंश वेगळे निघाले. पहिल्याच्या टोपीखाली सुरक्षेची चकती होती. आत वायूचा दाब वाढला की ही चकती उलटते आणि वीज तोडते. दुसऱ्यात ती नव्हतीच. तिथे नुसती पोकळी. त्याच्या आतली गुंडाळीही तिरकी बसलेली होती. सेलमध्ये ऋण बाजूचा पत्रा धन बाजूपेक्षा काठाला थोडा जास्त ठेवतात. तो कमी पडला तर चार्ज होताना लिथियम आत मुरायच्या ऐवजी कडेला धातू होऊन साचतं, त्याचे काटे वाढतात आणि एखादा काटा कधीतरी पलीकडे पोचतो. या सेलमध्ये एका बाजूला काठ उरलाच नव्हता.

मी पहिल्याचं निळं आवरण ब्लेडने सोललं. खाली पत्र्यावर दुसऱ्याच कुणाचा छापलेला नंबर होता, अर्धवट घासलेला. आणि ऋण टोकाला चार बारीक खड्डे, दोन-दोनच्या जोडीने, एका खड्ड्याला निकेलच्या पट्टीचा फाटका तुकडा अजून चिकटलेला. स्पॉट वेल्डिंगच्या या खुणा ओळखायला भिंग लागत नाही. हा सेल आधी एखाद्या पॅकमध्ये होता, बहुधा लॅपटॉपच्या. कुणीतरी तो उचकटून काढला, खरवडला, नवं कापड नेसवलं आणि बाजारात उभा केला. मोजली तेव्हा क्षमता १४०० भरली.

क्षमता कमी असणं हा फसवणुकीचा भाग झाला. धोका वेगळ्या आकड्यात असतो, सेलच्या अंतर्गत रोधात, म्हणजे वीज जाताना सेल स्वतःच करतो त्या अडथळ्यात. या व्हेपची कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, ०.४ ओहमची. सेल पूर्ण भरलेला असताना ती साधारण १० अँपिअर ओढते. तेवढा प्रवाह देण्यासाठी बनवलेल्या सेलचा रोध १५ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे दहा अँपिअरला सेलच्या पोटात दीड वॉट उष्णता. या म्हाताऱ्या सेलचा रोध ७० निघाला. म्हणजे सात वॉट. लॅपटॉपमध्ये शांतपणे काम करायला घडवलेल्या सेलला कुणीतरी ओझं वाहायला जुंपलं होतं.

तरीही एक कोडं उरत होतं. भाऊ तेव्हा व्हेप ओढत नव्हता. तो बसला होता.

उत्तर सर्किट बोर्डवर मिळालं. मूळ बोर्डवर एक छोटी चिप असते. बटण दाबून ठेवलं तर ती दहा सेकंदांनी वीज तोडते. नकली बोर्डवर त्या चिपची जागा होती, तिच्या पायांसाठी सोनेरी चौकोन होते, शेजारी पांढऱ्या शाईत तिचा क्रमांकही छापलेला होता. चिप नव्हती. दोन चौकोनांमध्ये एक केसाएवढी तार डाग देऊन बसवली होती. डाग नीट, गोल, चकचकीत. ज्याने दिला त्याचा हात चांगला होता, हे मला का कुणास ठाऊक जास्त टोचलं.

मग काचेमागे चाचणी लावली. कॉइलच्या जागी तेवढाच रोधक, सेलच्या अंगाला तापमानाची तार, आणि बटणावर चिमटा. खऱ्या नगाने दहाव्या सेकंदाला मान टाकली. नकली चालूच राहिला. खोलीचं तापमान २७ होतं. पहिल्या मिनिटाला सेल ३६ वर, तिसऱ्याला ५२, सहाव्याला ७४. कुणी बोलत नव्हतं. ८० ला मॅडमनी वीज तोडायला सांगितली. सेलच्या आतलं संरक्षक अस्तर साधारण ९० ते १२० अंशांत मोडायला लागतं, ते मोडताना स्वतःच उष्णता सोडतं, आणि १३०च्या आसपास दोन पत्र्यांमधला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो. तिथून पुढे बटण सोडलं तरी काही थांबत नाही. आम्ही मोकळ्या हवेत ८० गाठलं होतं. भावाचा सेल जाड कापडाच्या खिशात होता, मांडीला चिकटून.

खुर्चीवर बसताना खिशातल्या किल्ल्यांनी बटण दाबलं गेलं असणार. हे अनुमान आहे, अहवालात मी ते अनुमान म्हणूनच लिहिलं. पण पाच-सात मिनिटं हा त्याच्या भावाने सांगितलेला वेळ आमच्या आलेखाशी जुळत होता.

डब्यातल्या जळक्या नगातून फार थोडं निघालं. तांब्याची पत्री घडीघडीची तशीच शिल्लक होती. अ‍ॅल्युमिनियम वितळून मण्यांसारखं वाळूत सांडलं होतं. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात, अ‍ॅल्युमिनियमला ६६०, म्हणजे आतलं तापमान या दोघांच्या मधे कुठेतरी पोचलं होतं. टोपीखालची चकती यातही नव्हती. हा तिसरा सेल, तिसऱ्याच घराण्यातला.

व्हेपमधल्या द्रवाची तपासणी आमच्याकडे होत नाही, तो द्रव भरलेली कार्ट्रिजं पुढच्या प्रयोगशाळेत पाठवली. ते काम मी कमी लेखत नाही. २०१९मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या आजाराची जी साथ आली, तिचा माग बहुतांशी अनधिकृत कार्ट्रिजांतल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२०पर्यंत २८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. अस्सल व्हेपलाही मी निरुपद्रवी म्हणणार नाही, आणि कुणी मला विचारलं तर मी नकोच म्हणते. पण अस्सल व्हेप निदान दहा सेकंदांनी थांबतो.

दुपारी चारला फॉर्मवरचा "अस्सल" हा शब्द खोडला. शेजारी सही केली, तारीख घातली. आमच्याकडे पेनाने लिहिलेलं पुसत नाहीत, खोडतात, म्हणजे खाली काय होतं ते वाचता येतं. तो बाहेर अजून बसूनच होता. मी आधी माफी मागितली, मग सांगितलं. एक्स-रेचं चित्र दाखवलं, तार दाखवली. त्याने तारेकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे त्याने काही चुकीचं केलं नव्हतं."

"चार्जरचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "अहवालात तसं स्पष्ट येईल."

त्याने डोळे पुसले. मग सामानाची पावती घेताना म्हणाला, "मॅडम, हे दोन नग परत मिळतील का? माझे नाहीत. भावाच्या मित्राने एकदम लॉट मागवला होता, त्याच्याकडून आणलेत."

मी विचारलं, लॉट म्हणजे किती.

"सात होते. चार त्याच्याकडेच आहेत अजून. वापरतात ती मुलं."

मी त्याचा फोन त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, आधी त्याला लावा, स्पीकरवर टाका. रिंग वाजत राहिली. चौथ्या रिंगला पलीकडून आवाज आला, आणि मी नमस्कारही न करता विचारलं, तुमचे ते चार आत्ता कुठे आहेत?

"एक चार्जिंगला आहे. एक खिशात. का हो?"