पीआरसी, टँकरच्या खेपा आणि आमची पंचायत समिती (माझा अनुभव)

पंचायत राज समिती (पीआरसी, विधिमंडळाची आमदारांची समिती) येणार म्हणलं की झेडपीत काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही. पण बाहेरच्या लोकांना आणि नव्यानं भरती झालेल्या पोरांना सुद्धा पीआरसी म्हणजे रंगरंगोटी, जेवणावळी अन गाड्यांचा ताफा एवढंच माहिती असतं, म्हणून सविस्तर लिहायलोय.

मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत लेखा शाखेला वरिष्ठ सहायक आहे. पीआरसीत विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडचे आमदार असतात. स्थानिक निधी लेखापरीक्षावाले (झेडपी-पंचायत समितीचे हिशोब तपासणारे सरकारी लोक) आपल्यावर जे आक्षेप काढतात त्यांचं पुढं काय केलं हे विचारणं हे तिचं मुख्य काम, सोबत वार्षिक प्रशासन अहवालावर पण प्रश्न असतात. दौरा साधारण तीन दिवसांचा. झेडपीत सीईओंची (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची) साक्ष घेतात, मधी गट पाडून आमदार तालुक्याला येतात, पंचायत समिती, शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत बघतात, शेवटी परत झेडपीत बसतात. तिथं समाधान झालं नाही तर मुंबईला विधान भवनात सचिवांची साक्ष लागती. अडचण अशी की अहवाल जुने असतात. ज्यांनी खर्च केला ते बीडीओ (गटविकास अधिकारी) बदलून गेलेले, टेबलवाले रिटायर झालेले, आणि उत्तर आज जो खुर्चीवर आहे त्यानं द्यायचं.

आमच्या वाट्याला 2015-16 चा टँकरचा परिच्छेद, म्हणजे लेखापरीक्षा अहवालातला आक्षेप, आला. तो दुष्काळ आपल्याकडं कोण विसरंल? त्याच दुष्काळात एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण खेड्यांचं सगळं टँकरवरच चालू होतं. आक्षेप असा होता की लॉगबुकवर खेप पोचल्याच्या गावकऱ्यांच्या सह्या नाहीत, जीपीएसचा अहवाल बिलाला जोडलेला नाही, सबब पूर्ण रक्कम आक्षेपाधीन, म्हणजे खर्च मान्य नाही. आणि आमच्याकडून दरवर्षी त्याला एकच उत्तर जात होतं, "अनुपालन (आक्षेपाचा खुलासा) सादर करण्यात येत आहे". ह्या ओळीत पाणी पोचलं का नाही ते कुठंच नाही.

समितीची प्रश्नावली आली तवा वरून निरोप आला की सगळ्या परिच्छेदांना "पूर्तता केली" असं लिहून पुस्तिका छापायला द्या, वेळ नाही. मी साहेबांना (आमच्या बीडीओंना) म्हणलं, साहेब, साक्षीला खोटं निघालं तर हक्कभंग तुमच्यावर यील, मला आधी कागद बघू द्या. साहेब भला माणूस, हो म्हणले.

मग रेकॉर्ड रूम. आमचे शिपाई मामा त्या काळापासून इथंच, त्यांना प्रत्येक दप्तर कुठं बांधून ठेवलंय ते तोंडपाठ. लॉगबुकं निघाली पण ती ड्रायव्हरनं भरलेली, तारीख, किलोमीटर, खेप, आणि सहीचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा. जीपीएसचे प्रिंट काही सापडले, काही वाळवीनं खाल्लेले. तिथंच मामा म्हणले, "भाऊ, गावात विहिरीवर बाया रजिस्टर ठिवायच्या की, ग्रामपंचायतीत बघा ना." त्यांच्या ह्या एका वाक्यानं सगळं काम फिरलं.

गावोगाव ग्रामसेवकांना फोन केले, काही ठिकाणी स्वतः गेलतो. एका ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात शाळेची दोनशे पानी वही सापडली. टँकर विहिरीत रिकामा झाला की ज्या बाया पाण्याला थांबलेल्या त्यातल्या दोघीतिघींचे अंगठे, बाजूला कोण्या पोरीच्या अक्षरात नावं आणि वेळ. एका पानावर लिहिलेलं, "आज टँकर आला नाही". दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि आमच्या लॉगबुकात त्या दोन्ही दिवशी खेपा पडलेल्या, बिलात धरलेल्या. मला तिथंच लई संताप आला, उन्हाळ्यात घागरी घेऊन बसलेल्या बायांच्या नावावर न आलेल्या टँकरचे पैसे गेलते.

वह्या, लॉगबुक आणि सापडले ते जीपीएस प्रिंट समोरासमोर ठेवून तक्ता केला. जिथं मेळ बसतो ती रक्कम पुराव्यासह मान्य करा असं लिहिलं, आणि जिथं बसत नाही ती वसूलपात्र. ह्या दुसऱ्या रकान्यावरून आमच्यात बरीच वादावादी झाली, एकानं तर तोंडावर म्हणलं की तू ऑफिसला गोत्यात आणायला बसलास. पण साहेबांनी सही केली.

गट आला तो दुपारून. साक्ष बीडीओंची, आम्ही मागं फायली घेऊन उभे. एका आमदारांनी थेट टँकरचाच परिच्छेद काढला, "खेपा झाल्या का नाही तेवढं सांगा." साहेबांनी वही आणि तक्ता पुढं केला. ते आमदार बराच वेळ अंगठ्यांची पानं चाळत होते, मग म्हणले, "आणि ह्या वसूलपात्र खेपा, ह्यांची नोटीस ठेकेदाराला इतकी वर्षं का गेली नाही?" ह्याला उत्तर नव्हतं, साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं. प्रश्न अगदी बरोबर होता. लेखापरीक्षा दर आक्षेपात हेच सांगत आली, आमच्याकडं मात्र तो कागद एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर जायचा. आमदार समोर बसल्यावरच तो वाचला गेला, म्हणून मला ही समिती पाहिजे असं मनापासून वाटतं, बडदास्तीवर लोक कितीबी बोलू द्या.

समितीनं मुदत देऊन स्थानिक निधी लेखापरीक्षेकडून पडताळणी करून घ्यायला सांगितलं. त्यांचे लोक आले, वह्या मूळ प्रतीत बघितल्या, मेळ बसलेल्या खेपांची रक्कम आक्षेपातून वगळली. झेरॉक्स चालत नाही, हे लक्षात ठेवा, मूळ रजिस्टर पोच घेऊनच आणा आणि पोच घेऊनच परत करा. अजून एक, परिच्छेदाचं उत्तर लिहिताना पान क्रमांक टाका, "सोबत जोडले आहे" एवढ्यावर कोणी ऐकत नाही.

उरलेल्या खेपांची नोटीस ठेकेदाराला गेली. त्यानं थोडी रक्कम चलनानं भरली, बाकीसाठी पत्रव्यवहार चालू आहे, पुढच्या अनुपालनात तेवढंच लिहिणार.