कांदा चाळीचा फॉर्म ते बिगक्वेरी : माझा अनुभव

मी मूळची अकाउंटवाली. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत टॅली आणि जीएसटी बघायला लागले होते, पण ऑफिसात एक्सेल नीट येणारी मी एकटीच, त्यामुळे हळूहळू "डेटाचं ना, ताईंना विचारा" असं होऊन बसलं. कोडिंग वगैरे कधी शिकलेले नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढच्या चुका वाचताना हसू आलं तरी चालेल.

आमचा एक गुगल फॉर्म होता. सभासदाने उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) किती भरला, कधी भरला, मग दर पंधरा दिवसांनी सड किती निघाली, कोंब किती आले. फॉर्मखाली शीट. दोन हंगाम बरं चाललं. मग कोणीतरी (कोण ते अजून कबूल झालेलं नाही) शीटमधला फक्त गावाचा कॉलम सिलेक्ट करून ए टू झेड लावला, बाकीचे कॉलम जागच्या जागी, म्हणजे सिन्नरचा कांदा निफाडच्या चाळीत जाऊन बसला. चार दिवसांनी लक्षात आलं. व्हर्जन हिस्टरीतून जुनं परत आणलं पण मधल्या एंट्र्या एकेकाला फोन करून हाताने भरल्या, आणि तेव्हाच ठरवलं की डेटा अशा ठिकाणी ठेवायचा जिथे कुणाचा हात पोचणार नाही.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने बिगक्वेरी, म्हणजे गुगलचा ऑनलाईन डेटाबेस, सुचवलं. दर महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंत क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) फुकट, आमचा सगळा डेटा मिळून पाच एमबी पण नाही, म्हणजे डास मारायला तोफ. पण फुकटात तोफ मिळत असेल तर कोण नाही म्हणेल. फॉर्म ते बिगक्वेरी हा मधला पाईप एनएटएनने (n8n, एका ठिकाणचा डेटा आपोआप दुसरीकडे नेणारं सॉफ्टवेअर) करायचा ठरला, कारण बाकीच्या सर्व्हिसेसचे पैसे टास्कमागे पडतात आणि एनएटएन आपल्या सर्व्हरवर टाकता येतं. भाच्याने ते डॉकरवर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट चालवायची पेटी) बसवून दिलं आणि म्हणाला, "मावशी, आता तू बघ."

पाईप दोन तासात झाला. शीटमध्ये नवीन ओळ आली की ती उचलायची, मध्ये कोडचा एक डबा, पुढे बिगक्वेरीत इन्सर्ट. अडले ते परवानग्यांवर. सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रॅमने वापरायचं गुगल खातं) काढलं, त्याच्या जेसन फाईलमधली किल्ली एनएटएनला दिली, तरी शीट वाचता येईना. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की त्या सर्व्हिस अकाउंटचा जो लांबलचक ईमेल असतो त्यालाही शीट शेअर करावी लागते, अगदी माणसाला करतो तशी. मग बिगक्वेरीत फक्त डेटा एडिटर रोल (डेटा बदलायची परवानगी) दिला होता तर क्वेरी चालेना, जॉब युजर (क्वेरी चालवायची परवानगी) पण लागतो. मग इन्सर्टच होईना, कारण मी कार्ड न जोडता सँडबॉक्समध्ये (बिगक्वेरीच्या बिनकार्डाच्या प्रकारात) काम करत होते आणि तिथे स्ट्रीमिंग (ओळ आली की लगेच टेबलात टाकणं) चालत नाही. साहेबांना "फुकट आहे पण कार्ड लागेल" हे समजावण्यात एक आठवडा गेला, तो धरलेला नाही.

डेटासेट काढतानाच लोकेशन मुंबई निवडलं, ते नंतर बदलता येत नाही एवढं आधी वाचलं होतं. वाचलेली तेवढी एकच गोष्ट.

एंट्र्या धडाधड यायला लागल्या. मी खूश. दर सोमवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप गोषवारा जायचा, कुणाचा कांदा कधी भरला, आजवर सड किती टक्के. दुसऱ्याच सोमवारी एका नानांचा फोन.

"ताई, माझा कांदा डिसेंबरात भरला म्हणता?"

"नाही नाना, तुम्हीच लिहिलंय ना."

"अहो डिसेंबरात उन्हाळ कांद्याचं रोप लावतो आपण. चाळीत काय रोप भरू?"

बघितलं तर फॉर्ममध्ये त्यांनी १२/०४ आणि पुढे वर्ष असंच लिहिलेलं, १२ एप्रिल. तारखेचा प्रश्न मी छोट्या उत्तराचा ठेवला होता कारण मोबाईलवर कॅलेंडर सरकवत बसायचा लोकांना कंटाळा. आणि कोडच्या डब्यात मी सरळ जावास्क्रिप्टला (त्या डब्यातल्या कोडची भाषा) म्हटलं होतं की याची तारीख कर. ते आधी महिना मग दिवस असं वाचतं. म्हणजे १२ चा डिसेंबर झाला. खरी गोम पुढे आहे. १३ तारखेपासून पुढच्या एंट्र्यांना तेरावा महिना नसल्यामुळे तारीखच मिळाली नाही, ते रकाने रिकामे गेले, ते मला दिसत होतं आणि मी समजत होते की लोकांनी तारीख भरलीच नाही. आणि १ ते १२ मधल्या मात्र गुपचूप उलट्या झाल्या, रकाना भरलेला, दिसायला एकदम व्यवस्थित.

ते दुरुस्त केलं. त्याच नादात सर्व्हरचा टाइमझोन पण एशिया/कोलकाता केला, की वेळ तरी नीट दिसेल. तर सगळ्या तारखा एक दिवस मागे! कारण आपल्याकडची रात्री १२ ची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा असते आणि मी तारीख यूटीसीत बदलूनच पुढे पाठवत होते. साडेपाच तासांनी माझा अख्खा शनिवार खाल्ला.

मग वजनाचा कॉलम. बऱ्याच जणांचं वजन रिकामं आणि मजा म्हणजे रिकामे सगळे वयस्कर सभासद. ऑफिसात लगेच निष्कर्ष, जुन्या लोकांना फॉर्म जमत नाही. शीट उघडली तर वजन व्यवस्थित लिहिलेलं, फक्त मराठी कीबोर्डवरून, ४५ असं, 45 असं नाही. देवनागरी ४५ ला जावास्क्रिप्ट नंबर मानतच नाही, त्याचं नॅन ("हा नंबर नाही") करतं, आणि ते जेसनमधून (डेटा पाठवायच्या मजकुरातून) पुढे जाताना नल, म्हणजे रिकामं, होतं. कुठे एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. आपल्या भाषेत आकडा लिहिला म्हणून माणसाचा कांदा गायब. मला खरंच राग आला, आणि निम्मा स्वतःचा, कारण आकडे मीही देवनागरीतच टाईप करते.

त्यानंतर मी कोडचा डबा जवळजवळ रिकामाच केला. आता जे आलं ते जसंच्या तसं, सगळे कॉलम स्ट्रिंग (साधा मजकूर), एका कच्च्या टेबलात. सफाई सगळी त्याच्यावर बांधलेल्या व्ह्यूमध्ये (मूळ टेबल न बदलता त्यावर चालणारी साठवलेली क्वेरी). तिथे ट्रान्सलेट फंक्शनने ०१२३ चे इंग्रजी आकडे होतात, सेफ पार्स डेटला (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) सांगितलंय की आधी दिवस मग महिना, आणि जे जमत नाही ते नल, पण मूळ लिहिलेलं शेजारच्या कॉलममध्ये दिसतं. चूक सापडली की व्ह्यू बदलायचा, डेटाला हात नाही. दोनदा सबमिट दाबलेल्या एंट्र्याही तिथेच गळतात, मोबाईल नंबर आणि भरणीची तारीख सारखी असेल तर शेवटची ओळ धरायची. आधी मी त्या डिलीट करायला गेले होते, तर बिगक्वेरी म्हणे आत्ताच स्ट्रीम झालेल्या ओळींना अर्धा तास हात लावायचा नाही. चहा पिऊन आले.

एवढं झाल्यावर जूनमध्ये एका सकाळी टेबलच नाही. एनएटएन लाल, मी पांढरी. सँडबॉक्समध्ये काढलेल्या टेबलांना ६० दिवसांची मुदत असते आणि नंतर कार्ड जोडलं तरी ती मुदत आपोआप उठत नाही, डेटासेटच्या आणि आधीच काढलेल्या टेबलांच्याही सेटिंगमध्ये जाऊन आपण काढायची असते. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, मी बघितलं नव्हतं. शीट शाबूत होती म्हणून सगळं परत ढकललं. आठवड्याच्या आत असेल तर गेलेलं टेबल परत आणता येतं हे भाच्याने नंतर सांगितलं, नंतर.

गावांच्या नावांचं थोडक्यात. पिंपळगाव बसवंत सहा प्रकारे लिहिलेलं आलं, ते समजू शकते. पण निऱ्हाळे दोनदा येत होतं, दोन्ही अक्षरन्‌अक्षर सारखी, डोळे फाडून बघितलं तरी फरक नाही. तो ऱ्ह चा अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत) दोन प्रकारे टाईप होतो, दिसतो एकच, कॉम्प्युटरला दोन. गाव आता ड्रॉपडाऊन केलंय.

तारीखही कॅलेंडरवर आणली, कंटाळा आला तर येऊ दे. राहिलाय फक्त वजनाचा प्रश्न. फॉर्ममध्ये स्पष्ट क्विंटल लिहिलंय तरी निम्मे लोक "२ ट्रॉली" लिहितात, म्हणून वेगळा प्रश्न टाकला, युनिट निवडा, किलो, क्विंटल, गोणी, ट्रॉली. व्ह्यूमध्ये ट्रॉलीचे क्विंटल करायचे तर एक आकडा हवा. तो मागच्या मीटिंगमध्ये विचारला तर पाऊण तास भांडण झालं, कुणाची ट्रॉली काठोकाठ, कुणाची शीग लावून, आणि शेवटी अध्यक्ष म्हणाले ताई तुम्हीच काय तो ठरवा. मी तो रकाना नल ठेवलाय.