प्रिंटरचा आकडा आणि काकांची वही

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत एक लेझर प्रिंटर आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी, काही ना काही चालूच असतं, त्यामुळे अर्ज आणि हॉल तिकिटं छापायला मुलांची रीघ लागते. एका पानाला २ रुपये, पाठपोट असेल तर ३. पैसे काउंटरवरचे काका घेतात आणि वहीत मांडतात. गेल्या उन्हाळ्यात कार्यवाहांनी प्रिंटरमधला एकूण पानांचा आकडा काकांच्या वहीशी ताडून पाहिला. महिन्याला तीनशेच्या वर पानांची तफावत. बैठकीत उघड कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून काका गल्ल्याची चावी संध्याकाळी स्वतःहून कार्यवाहांच्या टेबलावर ठेवायला लागले. २२ वर्षं तिथे काढलेल्या माणसाला हे करावं लागतंय, हे मला बघवेना. मी म्हटलं, महिनाभर द्या, प्रिंटरचा आकडा दर पाच मिनिटांनी टिपून ठेवतो, मग बोलू.

प्रिंटरसोबत आलेलं देखरेखीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजशिवाय चालत नव्हतं, आणि नवा संगणक घ्यायला पैसे नव्हते. अडगळीच्या खोलीत एक जुना पेंटियम ४ संगणक पडून होता, ५१२ एमबी रॅमचा. त्यावर डेबियन १२ ची (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) जुन्या यंत्रांसाठीची ३२ बिटची आवृत्ती घातली, डेस्कटॉपशिवाय. (पुढच्या १३ मध्ये ३२ बिटच्या मशीनसाठी इन्स्टॉलरच येत नाही, म्हणून १२ वर थांबलो.) काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर, बस. एवढ्या कामाला ते भरपूर होतं.

नेटवर्कवरचा जवळपास प्रत्येक प्रिंटर एसएनएमपी नावाच्या पद्धतीने प्रश्नांची उत्तरं देतो. प्रश्न नेटवर्कवरून यूडीपीच्या १६१ पोर्टवर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या दारावर जातो, आणि प्रिंटरच्या प्रत्येक माहितीला एक लांबलचक क्रमांक असतो. हे क्रमांक १९९५ पासून ठरलेले आहेत, सगळ्या कंपन्यांना तेच. मला हवा होता १.३.६.१.२.१.४३.१०.२.१.४.१.१, म्हणजे आजवर छापलेल्या पानांची मोजणी. डेबियनमध्ये या क्रमांकांची नावं सांगणाऱ्या फायली परवान्याच्या अडचणीमुळे वेगळ्या घ्याव्या लागतात. मी तो खटाटोप केला नाही, क्रमांकच वहीत उतरवून घेतला. ‘एसएनएमपीगेट’ची आज्ञा दिली आणि पडद्यावर पाच आकडी संख्या उमटली. शेजारच्या खोलीतल्या यंत्राने माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. मी उठून प्रिंटरच्या मेनूमध्ये जाऊन बघितलं, तोच आकडा.

टोनरने मात्र घोटाळ्यात टाकलं. शिल्लक किती विचारलं तर उत्तर आलं, उणे ३. कार्ट्रिज काढून हलवून परत बसवलं, तरी उणे ३. मग कळलं की त्याचा अर्थच ‘थोडा शिल्लक आहे, नेमका सांगता येत नाही’ असा ठरलेला आहे. अडचणींची खबर देणारा वेगळा क्रमांक होता, तिथे ४० आलं की कागद संपलेला, ०८ म्हणजे झाकण उघडं, ०४ म्हणजे कागद अडकलेला. ०४ दिसलं की संगणकातल्या चिमुकल्या स्पीकरवर तीनदा टूं वाजवायची सोय केली. काकांना ती फार आवडली, कारण आतल्या खोलीत कागद अडकलाय हे त्यांना पूर्वी मुलं ओरडायला लागल्यावरच समजायचं.

खरा वेळ गेला तो लाइटमुळे. लाइट गेली की पेंटियम बंद, आणि परत आली तरी तो आपला बंदच. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर सुरू हो’ ही सेटिंग सापडली, ती लावली. तरी नोंदींच्या वेळा चुकत होत्या. मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला असल्यामुळे घड्याळ लाइट गेली तिथेच अडकून राहायचं आणि राउटर उठून इंटरनेट मिळेपर्यंत जुन्याच वेळेच्या नोंदी पडायच्या. घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ सेल आणून बसवला. शिवाय दर वेळी प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मिळायचा, तो राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला. यात दहा दिवस गेले, तेवढ्या नोंदी मी बाद धरल्या.

उरलेल्या वीस दिवसांच्या नोंदी कागदावर काढून काकांच्या वहीशेजारी ठेवल्या. एक गोष्ट लगेच दिसली. प्रिंटर बाजू मोजतो, काका कागद मोजत होते. पाठपोट छापलेला एक कागद वहीत एक, प्रिंटरच्या हिशेबात दोन. निम्म्याहून जास्त फरक इथेच मिटला.

पण काही नोंदी समजेनात. सकाळी ६:५० ला आकडा एकाने पुढे. वाचनालय उघडतं आठला. रविवारी दुपारीही तसंच, कुलूप असताना. अशा प्रत्येक नोंदीच्या आधी काही मिनिटांची पोकळी होती, म्हणजे लाइट गेलेली. मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात काकांनी जागा क्रमांकाची चिठ्ठी एका मुलाला देण्यासाठी माझ्यासमोर ठेवली. कात्रीने सरळ कापलेली, निळ्या शाईत ‘१४’. चिठ्ठी उलटी केली, तर मागे बारीक अक्षरांत प्रिंटरचा अनुक्रमांक आणि एकूण पानं छापलेली.

‘काका, हा कागद कुठला?’

‘अरे, लाइट आली की मशीन एक कागद सोडतं. मागून कोरा असतो, टाकायचा कशाला? एकात आठ चिठ्ठ्या होतात.’

त्यांच्या ड्रॉवरमध्ये अशा चिठ्ठ्यांचा रबर लावलेला गठ्ठा होता. चालू होताना माहितीचं पान छापायची सेटिंग त्या प्रिंटरमध्ये पहिल्यापासून सुरूच होती, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून तीन-चारदा जाते. ती पानं आणि कागद अडकून वाया गेलेली पानं धरल्यावर वीस दिवसांत ६ पानांचा फरक राहिला.

मी तो गठ्ठा आणि नोंदींचा कागद बैठकीत नेला. कार्यवाहांनी चिठ्ठ्या एकेक करून उलटून पाहिल्या, बराच वेळ. मग ते स्वतः उठून काउंटरपाशी गेले आणि गल्ल्याची चावी काकांच्या हातात दिली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

प्रिंटरमधली ती सेटिंग मी बंद केली. वहीत आता पाठपोटचा वेगळा रकाना आहे. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी काका अडगळीच्या खोलीत येतात, चष्मा वर करून काळ्या पडद्यावरचा शेवटचा आकडा वाचतात आणि वहीत दिवसाच्या बेरजेखाली लिहून ठेवतात.