तुम्ही विचारलंत म्हणून: केमिस्ट्रीच्या तासाला इतिहास कशाला?

"मॅडम, सीईटीला इतिहास येत नाही, मग केमिस्ट्रीच्या तासाला तो कशाला?" नाशिकमधले पालक मला हे दरवर्षी विचारतात. काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर देते.

बारावीत 'किरल कार्बन' एका वाक्यात उरकतो: चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन. मुलं ते पाठ करतात. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनभोवती गट कसे मांडलेत, हे कुणाला आणि कशावरून कळलं?

ते सांगायला आपली द्राक्षंच पुरतात. वायनरीत वाइन थंड केली की टाकीच्या तळाशी चमचमणारे खडे बसतात. ते टार्टारिक आम्लाचं पोटॅशियम मीठ. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७६९ मध्ये अशाच मिठातून हे आम्ल वेगळं काढलं. पुढे त्याचं भावंड सापडलं. घटक तेच, प्रमाण तेच. पण टार्टारिक आम्ल ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल वळवतं; हे भावंड वळवत नाही.

का, ते १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने शोधलं. या भावंडाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्याने निरखले. काहींची एक बारीकशी बाजू उजवीकडे, काहींची डावीकडे; उजवा आणि डावा हात असावा तशी. एकेक स्फटिक उचलून त्याने दोन ढीग केले. एकाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळला, दुसऱ्याच्या डावीकडे; दोन्ही सारखे मिसळलेले असले की परिणाम शून्य. प्रकाशाच्या या वळण्याचा अभ्यास करणारे वृद्ध फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी खात्री करायला स्वतःजवळचं आम्ल देऊन सगळं आपल्यासमोर पुन्हा करायला लावलं. तेच निघालं! हे दोन प्रकार साधारण २७ अंशांखालीच वेगवेगळे स्फटिक होतात. आपल्या एप्रिलमधल्या दुपारी त्याला ते ढीग करताच आले नसते.

ढिगांचा अर्थ लागायला २६ वर्षं गेली. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं, की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे जातात. चारही गट वेगळे असले, की त्यांच्या दोन मांडण्या होतात, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. व्हान्ट हॉफ तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. कोल्बेसारख्या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये त्याची जाहीर टर उडवली. मला त्या पोराचं धाडस फार मोठं वाटतं.

एवढं ऐकल्यावर फळ्यावर चार गट काढले, की वर्गातून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, दोन गट सारखे असले तर आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर जुळेल ना?" सीईटीचे प्रश्न त्यावरच असतात.